संस्था टिकते कशी? स्वयंसेवक, निधी आणि नेतृत्व यांची घडी

एप्रिल महिन्यात अकोल्यात कार्यकर्त्यांची कमतरता नसते. अशोक वाटिकेपासून ते खेड्यातल्या शेवटच्या विहारापर्यंत मंडप उभे राहतात, मिरवणुका निघतात, भोजनदानाच्या पंगती बसतात. वर्गणी जमते, रात्र रात्र जागून तरुण मुले काम करतात. दोन महिन्यांनी जूनच्या अखेरीस शाळा-महाविद्यालये उघडतात. मुलांना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज यासाठी जाणत्या माणसाची गरज असते. नेमके तेव्हा अनेक विहारांतल्या अभ्यासिकेला कुलूप दिसते. किल्ली कोणाकडे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते आणि तो कामासाठी पुण्याला गेलेला असतो.

आपल्या समाजात देणारे हात पुष्कळ आहेत. ते हात बारा महिने कामाला लावणारी व्यवस्था मात्र थोड्याच ठिकाणी आहे. ही व्यवस्था तीन गोष्टींची असते: काम वाटून घेणारे स्वयंसेवक, नियमित येणारा आणि चोख हिशेबाचा निधी, आणि आपल्यानंतर काम चालू राहील अशी तजवीज करणारे नेतृत्व. विहार समिती, जयंती मंडळ, अभ्यासिका, महिला मंडळ किंवा नोंदणीकृत संस्था चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना या तिन्ही बाबी एका जागी मिळाव्यात, यासाठी हा लेख आहे.

बाबासाहेबांच्या संस्थांचा धडा

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी या पाक्षिकासाठी २,५०० रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे पांडुरंग भटकर आणि नंतर ज्ञानदेव घोलप यांनी संपादनाची जबाबदारी सांभाळली. तरीही १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. विचार भक्कम होता, लेखणी भक्कम होती, सुरुवातीला पैसाही मिळाला होता. पण नियमित पैसा, रोजचे व्यवस्थापन आणि संस्थापक दूर असताना काम ओढणारी फळी यांची घडी बसण्याआधीच संस्थापकाला दूर जावे लागले.

परत आल्यावर बाबासाहेबांनी उभे केलेले पुढचे काम वेगळ्या बांधणीचे होते. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली, विचारविनिमय झाला आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिला लिखित उद्देश होते: वसतिगृहे, वाचनालये, औद्योगिक व शेतकी शिक्षण, समाजाच्या तक्रारी सरकारपुढे मांडणे. पदे वाटलेली होती. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम शिवतरकर. प्रतिष्ठित व्यक्तींचे नाव आणि वजन संस्थेला मिळाले, पण रोजच्या कारभाराचा लगाम समाजाच्याच हाती राहिला. ही मांडणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. आपण सन्माननीय अध्यक्षही निवडतो आणि काम करणारा सचिवही, पण कोणाचा अधिकार कुठपर्यंत हे लिहून ठेवत नाही.

जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. सोलापूर नगरपालिका त्यासाठी दरमहा ४० रुपये देत असे. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. रक्कम लहान, पण दरमहा येणारी. काम लहान, पण रोज चालणारे. पुढे १९२८ मध्ये शिक्षणाच्या कामासाठी स्वतंत्र मंडळ झाले, ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. वाचनालय आणि वसतिगृह चालवता चालवता वीस-बावीस वर्षांत महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याचा हा प्रवास आहे. पहिल्याच वर्षी मोठ्या इमारतीचा संकल्प सोडणाऱ्या मंडळांनी तो पुन्हा पुन्हा वाचावा.

संघाच्या विनयातली व्यवस्था

संस्था चालवण्याचे शास्त्र आपल्याला बाहेरून आणावे लागत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले, की भिक्खू संघाला संसदीय कार्यपद्धतीची पूर्ण ओळख होती. ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेने मतदान हे सर्व संघात होते.

विनयपिटकात याहूनही बारीक तरतुदी आहेत. संघाच्या वस्तूंची काळजी घेण्यासाठी भांडागारिक, भोजनाचे वाटप करण्यासाठी भत्तुद्देसक, बांधकामावर देखरेख करण्यासाठी नवकम्मिक अशा जबाबदाऱ्या संघ संमतीने सोपवत असे. निवडलेल्या व्यक्तीकडे पाच गुण पाहिले जात. आवडीपोटी, द्वेषापोटी, अज्ञानापोटी किंवा भीतीपोटी ती पक्षपात करणारी नसावी, आणि काय ठेवले व काय ठेवले नाही याची तिला नोंद असावी. आपल्या विहाराचा कोषाध्यक्ष निवडताना हेच पाच प्रश्न विचारले तर निवड सहसा चुकणार नाही.

दर पंधरा दिवसांचा उपोसथ ही संघाची नियमित बैठक होती. वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या पवारणेत प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करत असे, की माझे काही चुकीचे दिसले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा. ज्येष्ठांनाही यातून सूट नव्हती. वज्जींच्या गणराज्याविषयी बोलताना तथागतांनी त्यांच्या टिकण्याची जी कारणे सांगितली, त्यात पहिले हेच होते, की ते वारंवार एकत्र जमतात. आणि महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी कोणालाही वारस नेमले नाही. मार्गदर्शक म्हणून धम्म आणि विनय मागे ठेवले. एका व्यक्तीच्या जागी नियम ठेवण्याचे इतके मोठे उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मंडळ की नोंदणीकृत संस्था?

प्रत्येक कामासाठी संस्था नोंदवण्याची गरज नसते. वर्षातून एकदा जयंती साजरी करायची असेल तर नोंदणी नसलेल्या मंडळाने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन वर्गणी जमा करावी आणि कार्यक्रमानंतर हिशेब सादर करावा. ही परवानगी म्हणजे मंडळाचे संरक्षण आहे. दुकानदाराने किंवा पोलिसांनी विचारले, तर दाखवायला कागद असतो.

काम वर्षभराचे असेल, बँक खाते, मालमत्ता किंवा अनुदान येणार असेल, तर नोंदणी करावी. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान ७ सभासद लागतात. आपल्या राज्यात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. नोंदणीनंतर चार गोष्टी विसरू नयेत:

१. पदाधिकारी, विश्वस्त किंवा पत्ता बदलला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करणे. बहुतेक संस्था इथेच अडकतात. निवडणूक होते, हार-तुरे होतात, पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत दिवंगत झालेल्या माणसांचीच नावे राहतात. मग वाद झाला, की दोन कार्यकारिण्या उभ्या राहतात आणि विहाराच्या बांधकामाचा पैसा वकिलांकडे जातो.

२. ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करणे आणि सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, अहवाल दाखल करणे.

३. संस्थेची जमीन किंवा इमारत विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेणे (कलम ३६).

४. घटनेत लिहिल्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे, नोटीस दिल्याचा पुरावा आणि इतिवृत्त जपून ठेवणे.

घटना लिहिताना दुसऱ्या संस्थेच्या घटनेची झेरॉक्स काढून नाव बदलू नये. सभासद कोण होऊ शकतो, मतदानाचा अधिकार कधी मिळतो, गणपूर्ती किती, पदाचा कालावधी किती, सदस्याला काढण्याची पद्धत कोणती आणि संस्था बंद पडली तर मालमत्ता कोणाकडे जाईल, या सहा प्रश्नांची उत्तरे आपल्या गावाच्या परिस्थितीप्रमाणे लिहावीत. भांडणे नेमकी या सहा जागांवर होतात.

स्वयंसेवक: पद देण्याआधी काम द्या

आपल्याकडे नवा मुलगा आला, की त्याला लगेच पद मिळते. सहसचिव, संघटक, प्रसिद्धीप्रमुख. काम मात्र कोणी सांगत नाही. दोन बैठका बसतो, भाषणे ऐकतो आणि येणे बंद करतो. मग आपण म्हणतो, आजची पिढी कामाला तयार नाही.

स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी चार गोष्टी सांगाव्या लागतात: काम काय, वेळ किती, किती दिवसांसाठी, आणि अडचण आली तर कोणाला विचारायचे. 'समाजासाठी वेळ द्या' या आवाहनाला टाळ्या मिळतात. 'जुलै आणि ऑगस्टमध्ये दर रविवारी सकाळी ९ ते ११ विहारात बसून महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज भरायला मदत करायची आहे, दोन जण हवेत' या आवाहनाला माणसे मिळतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली स्वाधार योजना, जात वैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे, बार्टीचे प्रशिक्षण वर्ग यांची माहिती असलेला एक स्वयंसेवक वस्तीतल्या कितीतरी मुलांचे वर्ष वाचवू शकतो.

माणसे कुठे शोधावीत? निवृत्त शिक्षक, रेल्वे आणि वीज कंपनीतले निवृत्त कर्मचारी, बँकेत काम केलेले लोक यांच्याकडे वेळही असतो आणि कागदपत्रांची शिस्तही. कृषी विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत शिकणारी खेड्यांतली मुले-मुली शनिवार-रविवार देऊ शकतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले गावचे तरुण प्रत्यक्ष येऊ शकत नाहीत, पण हिशेबाची फाइल तपासणे, अर्जाचा मसुदा लिहिणे, दहावीनंतर काय करावे याचे फोनवरून मार्गदर्शन करणे ही कामे घेऊ शकतात.

वेळापत्रक वऱ्हाडाच्या ऋतूप्रमाणे असावे. मे महिन्यात अकोल्यातला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी सर्वेक्षण ठेवणे म्हणजे माणसे पळवून लावणे. जून-जुलैत पेरणी, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि त्यापुढे कापसाची वेचणी असते. शेतमजूर महिलांची बैठक त्या दिवसांत रात्रीच होऊ शकते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत ग्रंथवाचनासाठी लोक रोज जमतातच. नवे स्वयंसेवक जोडायला याहून चांगला काळ नाही. वाचनानंतरची पंधरा मिनिटे कामाच्या वाटपासाठी ठेवली, तर वेगळी बैठक बोलवावी लागत नाही.

आणखी तीन नियम पाळावेत. पहिला, पदरमोड करायला लावू नये. बसभाडे, झेरॉक्स, फोन रिचार्ज यांचा खर्च संस्थेने द्यावा. नाहीतर ज्यांच्या घरी पैसा आहे तेच कार्यकर्ते राहतात आणि मजुराची मुलगी गळून जाते. दुसरा, मुलांसोबतच्या कामात एकटा प्रौढ कधीही असू नये. अभ्यासिकेत किंवा सहलीत किमान दोन प्रौढ, त्यात एक महिला, आणि पालकांची लेखी संमती. तिसरा, थांबू इच्छिणाऱ्याला सन्मानाने थांबू द्यावे. परीक्षा, बाळंतपण, बदली यामुळे बाजूला झालेला माणूस आनंदाने गेला तर दोन वर्षांनी परत येतो.

निधी: एका मोठ्या दात्यापेक्षा शंभर लहान घरे

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. दरमहा २०,००० रुपये मिळवणाऱ्यासाठी हा भाग १,००० रुपये होतो. सगळ्यांना तो झेपेल असे नाही. पण या आवाहनातला मूळ विचार असा, की दान हे उत्पन्नाच्या प्रमाणात आणि नियमित असावे. जयंतीच्या आदल्या आठवड्यात दारोदार फिरून जमवलेल्या वर्गणीने मिरवणूक होते. अभ्यासिकेचे वीजबिल मात्र दर महिन्याला येते.

समजा एका वस्तीतल्या ८० घरांनी दरमहा १०० रुपये दिले. महिन्याला ८,००० आणि वर्षाला ९६,००० रुपये होतात. त्यात वीजबिल, वर्तमानपत्रे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि अभ्यासिका उघडणाऱ्याचे मानधन निघू शकते. यातली दहा घरे गळाली तरी काम थांबत नाही. तेच ९६,००० रुपये एकाच दात्याने दिले, तर त्याचे मत सभेत शंभर मतांच्या बरोबरीचे होते आणि तो रुसला की कुलूप लागते. ज्या पैशाचा मालक एक आहे, त्या संस्थेचाही मालक हळूहळू तोच होतो. निवडणुकीच्या वर्षात हे जास्त जाणवते.

लहान, नियमित दानाच्या बळावर किती मोठे काम होते याचे उदाहरण आपल्या राज्याशीच जोडलेले आहे. १९८० मध्ये इंग्लंडमधील बौद्धांनी सुरू केलेली संस्था आज करुणा ट्रस्ट म्हणून ओळखली जाते. तिचे स्वयंसेवक काही आठवडे एकत्र राहतात, ध्यान करतात आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन लोकांना दरमहा ठरावीक रक्कम देण्याची विनंती करतात. त्या पैशातून महाराष्ट्रात 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे आणि आरोग्याची कामे उभी राहिली. ज्यांनी महाराष्ट्र पाहिलाही नाही, अशा घरांतून हा पैसा आला. दारात उभे राहून कामाविषयी नीट बोलणारा स्वयंसेवक आणि दर महिन्याची ठरलेली रक्कम, या दोन गोष्टींनी ते घडले. आपल्या वस्तीतली दारे तर आपल्याला ओळखणारी आहेत.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगे बाबांनी लोकवर्गणीतून ऋणमोचनला घाट आणि पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः फुटके गाडगे आणि चिंध्यांतच राहिले. या धर्मशाळांवर त्यांनी विश्वस्त नेमले, घरच्यांची मालकी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लोक त्यांना पैसा देत होते, कारण तो कुठे जातो हे डोळ्यांना दिसत होते.

निधी मागताना कामाचा आकडा सांगावा. 'समाजकार्यासाठी मदत करा' यापेक्षा 'एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या पुस्तकांचा खर्च द्या' हे देणाऱ्याला समजते. मजुरी करणाऱ्या घराकडून आणि वर्ग एकच्या अधिकाऱ्याकडून सारखीच रक्कम मागू नये. शेतमजूर घरांकडे पेरणीच्या आणि शाळा उघडण्याच्या दिवसांत वर्गणीसाठी जाऊ नये. आणि दिलेल्या पैशाचे काय झाले, हे पुन्हा मागायला जाण्यापूर्वी सांगावे.

कर, कंपन्या आणि परदेशी मदत

प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील कलम १२एबी खालील नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते आणि ८०जी मुळे देणगीदाराला. ८०जी खाली २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही. संस्थेने वर्षाच्या देणग्यांचे विवरण (फॉर्म १०बीडी) पुढच्या ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. नवी करप्रणाली निवडणाऱ्या पगारदारांना ८०जी ची वजावट मिळत नाही, म्हणून 'करसवलत मिळेल' एवढ्याच भरवशावर मोहीम आखू नये. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक आणि फॉर्म बदलतात. अर्ज करताना सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्यावी.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, करविषयक दोन्ही नोंदण्या आणि साधारण तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. लेखापरीक्षण अहवाल नसलेल्या संस्थेने कंपन्यांच्या दारात जाऊन वेळ घालवू नये. आधी तीन वर्षे हिशेब नीट ठेवावा.

परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून पैसे घ्यायचे तर एफसीआरए, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. इथे एक बारकावा आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मदत ठरत नाही. त्याच नातेवाइकाने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ठरते. रक्कम लहान असली तरी नियम तोच. म्हणून पैसे घेण्याआधी नागरिकत्व विचारावे.

हिशेब: भिंतीवर लावता येईल असा

हिशेबावर संशय आला, की कार्यकर्ता प्रामाणिक असला तरी संस्था मोडते. त्यामुळे हिशेबाची पद्धत ही प्रामाणिक माणसाची ढाल आहे. किमान एवढे करावे:

- छापील अनुक्रमांक असलेली पावती पुस्तके आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद. रद्द पावतीही फाडून न टाकता पुस्तकातच ठेवावी.
- यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. अध्यक्षाच्या किंवा उत्साही तरुणाच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही घेऊ नये. पुढे तो पैसा कोणाचा हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.
- बँकेत तीनपैकी दोन सह्यांचा नियम. हे तिघे एकाच घरातले नसावेत.
- प्रत्येक खर्चाला बिल किंवा व्हाउचर, आणि ठरावीक रकमेवरच्या खर्चाला बैठकीचा ठराव.
- दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक असा एक पानाचा तक्ता विहाराच्या फलकावर. धम्मदानाच्या पेटीची मोजणी किमान तीन जणांसमोर.

मंडप, साउंड, वाहन, छपाई यांचे काम पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाला द्यायचे असेल, तर त्या पदाधिकाऱ्याने बैठकीत तसे सांगावे आणि त्या निर्णयात मत देऊ नये. ही एक सवय लावली तर निम्मी कुजबुज थांबते.

नेतृत्व: खुर्ची सोडण्याची तयारी

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये युरोपातील समाजवादी पक्षांचा अभ्यास करून एक निष्कर्ष काढला. समतेसाठी लढणाऱ्या संघटनांमध्येही कालांतराने सत्ता मूठभर लोकांच्या हाती जाते, कारण माहिती, संपर्क आणि अनुभव त्यांच्याकडेच साचतो. आपल्या संस्थांत यासाठी कोणाचा वाईट हेतू असावाच लागतो असे नाही. वीस वर्षे एकच सचिव कागदपत्रे सांभाळतो, बाकीच्यांना ती जड वाटतात, आणि मग त्याच्याशिवाय काही हलत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी सार्वजनिक जीवनातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो वस्तीतल्या मंडळालाही लागू आहे.

यावर उपाय पद्धतीत आहे. एका पदावर सलग दोनच कार्यकाळ अशी तरतूद घटनेत असावी. सचिव आणि कोषाध्यक्ष एकाच वेळी बदलू नयेत, म्हणजे अनुभव टिकतो. प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत वर्षभर एक सहायक असावा, ज्याला बँक, धर्मादाय कार्यालय, लेखापाल आणि पंचायत समितीची वाट माहीत होईल. संस्थेची मूळ कागदपत्रे, पासवर्ड आणि किल्ल्या कुठे आहेत हे किमान तिघांना ठाऊक असावे. मावळत्या अध्यक्षाला सल्लागार म्हणून मान द्यावा, पण सहीचा अधिकार नव्या माणसाकडे जावा.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभाकडे या नजरेने पाहावे. दीक्षा बाबासाहेबांची, पण नागपुरातली तयारी केली ती भारतीय बौद्धजन समितीच्या स्थानिक शाखेने. वामनराव गोडबोले तिचे चिटणीस होते. जागा, परवानग्या, मंडप, पाणी आणि लाखोंच्या गर्दीची व्यवस्था स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी पेलली. विश्वासाने काम सोपवणारा नेता आणि ते पूर्ण करणारी शाखा, असे दोन्ही तिथे होते.

महिलांच्या बाबतीत आपला इतिहास आजच्या कार्यकारिण्यांपेक्षा पुढे आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे या आपल्या अमरावतीच्या होत्या. वीस-पंचवीस हजार महिला जमल्या होत्या. आज वऱ्हाडातल्या अनेक विहारांत झाडलोट, भोजनदान, पौर्णिमेची वंदना आणि वर्गणीसाठी घरोघरी फिरणे ही कामे महिला करतात. माइक आणि चेकबुक पुरुषांकडे असते. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणाऱ्या बाईला कोषाध्यक्ष करायला आपण का कचरतो, हा प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारायला हवा. निदान सहीच्या तीन अधिकाऱ्यांपैकी एक महिला असावी, एवढी सुरुवात आजच होऊ शकते.

मतभेद होणारच. विनयात तंटे मिटवण्याच्या सात पद्धती सांगितल्या आहेत आणि त्यातली पहिली म्हणजे दोन्ही पक्ष समोरासमोर असताना निर्णय करणे. व्हॉट्सॲप गटावर आरोप करण्यापूर्वी बैठक बोलवावी, आरोप लेखी घ्यावा, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकावे, निर्णय इतिवृत्तात लिहावा. एकमत झाले नाही तर मतदान घ्यावे आणि हरलेल्यांनी पुढच्या सभेपर्यंत थांबावे. दर मतभेदाला नवे मंडळ काढले, की एका वस्तीत चार फलक आणि एकही चालू वाचनालय नाही, अशी अवस्था होते.

संस्थेचे वर्ष

एप्रिल: मागील वर्षाचे हिशेब बंद, लेखापालाकडे कागद. जयंतीच्या गर्दीत पावती पुस्तकांच्या शेजारी 'महिन्याला दोन तास' नोंदवही ठेवणे.

मे-जून: वार्षिक कामांची यादी, दहावी-बारावीच्या मुलांची वस्तीनिहाय नोंद, मदत केंद्राच्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण. ३१ मेपूर्वी देणग्यांचे विवरण.

जुलै-सप्टेंबर: प्रवेश आणि शिष्यवृत्ती मदत केंद्र. वर्षावासात नवे स्वयंसेवक. सर्वसाधारण सभा आणि ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण अहवाल.

ऑक्टोबर: धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत स्वयंसेवकांच्या नेमक्या जबाबदाऱ्या. आश्विन पौर्णिमेला पवारणेच्या धर्तीवर कामाचा आढावा, ज्यात पदाधिकारी आधी स्वतःविषयी विचारतील.

नोव्हेंबर-जानेवारी: शेतमाल आणि मजुरीचा पैसा हाती असतो, तेव्हा मासिक दानाची नवी नोंदणी. ६ डिसेंबर आणि ३ जानेवारीच्या कार्यक्रमांसोबत वाचनालयासाठी पुस्तकदान.

फेब्रुवारी-मार्च: परीक्षार्थींसाठी अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक, सहायकांची निवड, ३१ मार्चची तयारी.

हे सगळे एकदम होणार नाही. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत तीन ठराव घ्यावेत: अभ्यासिकेच्या किल्ल्या तिघांकडे राहतील, महिन्याचा हिशेब फलकावर लागेल आणि सहीच्या अधिकाऱ्यांत एक महिला असेल. या तीन ठरावांना एक रुपयाही लागत नाही. ते अमलात आले, की पुढचे पैसे मागायला जाणाऱ्या कार्यकर्त्याची मान ताठ राहते.

जय भीम. नमो बुद्धाय.